नगरची पेठ आणि तीन बंदुका

नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला आत वळलं की राळेगणसिद्धी लागतं. गेली चाळीसएक वर्षं लोक या गावात पाणी बघायला येतात. बंधारे, पाझर तलाव, डोंगरउतारावरचे चर बघतात, अण्णा हजारेंना भेटतात आणि परततात. पारनेर तालुक्यातल्या जुन्या घरांमधून आणखी एक वस्तू असू शकते, ती बघायला मात्र बाहेरून कुणी येत नाही. वाड्याच्या माळ्यावर किंवा माजघरातल्या खुंटीवर घरातल्या माणसाच्या छातीपर्यंत पोहोचेल एवढी लांब, काळी पडलेली, वाळवीनं दस्ता पोखरलेली ठासणीची बंदूक असते. कुणाची, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: शिवकालीन आहे, पणजोबांच्या आधीपासून घरात आहे.

या उत्तरामागचा अभिमान मला कळतो आणि त्याचा मला आदरही आहे. तरीही ते ऐकून वाईट वाटतं, कारण तिथेच चौकशी थांबते. बंदुकीचं कूळ शोधायला बसलं तर ते बहुतेक वेळा शिवकाळापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतं ते आग्र्याच्या कारखान्यात, येमेनच्या किनाऱ्यावर, बर्मिंगहॅमच्या एखाद्या गल्लीत, आणि तिथून पुन्हा नगरच्या वेशीत. आपल्या मुलखाचा दोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास त्या एका नळीतून गेलेला असतो. ‘शिवकालीन’ या एका शब्दाखाली तो सगळा गाडला जातो.

शोध कुठून सुरू करायचा? नगरपुरतं बोलायचं तर माझ्या मते ८ ऑगस्ट १८०३ या दिवसापासून.

त्या दिवशी सकाळी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वाळकीच्या तळावरून निघून नगरच्या पेठेसमोर आला. किल्ला आणि पेठ शिंद्यांच्या ताब्यात होती. १७९७ पासून नगर दौलतराव शिंद्यांकडेच होतं. पेठेभोवती मातीची उंच भिंत आणि ठिकठिकाणी बुरूज होते. भिंतीवर आत चालायला धड धक्का नव्हता, त्यामुळे शिड्या लावून वर चढलेल्या पहिल्या लोकांना उभं राहायलाही जागा मिळेना. तरीही काही तासांत पेठ पडली. मग किल्ल्यावर तोफा लागल्या आणि १२ ऑगस्टला किल्लेदारानं किल्ला खाली करून दिला. पुढे सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, असई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत नगरच्या वाट्याला त्या मोठ्या लढाईआधीच्या दोन-चार ओळी येतात.

बंदुकांच्या दृष्टीनं मात्र हा दिवस फार मोलाचा आहे. पेठेच्या भिंतीवर आणि भिंतीखाली त्या सकाळी तीन वेगळ्या कुळांच्या बंदुका एकमेकींवर रोखलेल्या होत्या. शिंद्यांची एक कवायती पलटण पेठेत होती, युरोपी पद्धतीनं शिकवलेली, चकमकीच्या संगीनवाल्या बंदुका घेतलेली. सोबत अरब होते, आपल्या तोड्याच्या बंदुका घेऊन. चालून आले होते ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासी शिपाई आणि स्कॉटिश हायलंडर, त्यांच्या हातात विलायती बनावटीच्या बंदुका. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आज जुनी बंदूक सापडली तर ती याच तीन घराण्यांपैकी एखाद्याची, किंवा त्यांच्या नंतरच्या पिढीची, असण्याचा संभव मोठा. त्यामुळे ओळख पटवताना पहिला प्रश्न ‘किती जुनी?’ असा विचारू नये. आधी विचारावं, ‘आग कशी लागत होती?’

तोड्याच्या बंदुकीत आग बाहेरून यायची. सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, म्हणजे तोडा, शिपायाजवळ धुमसत असायचा. नळीच्या बुडाशी उजव्या अंगाला एक छोटं भोक असतं, त्याच्या बाहेर वाटीसारखा खोलगट कान, त्यात चिमूटभर बारीक दारू म्हणजे रंजक. चाप ओढला की तोडा धरलेली चिमटी कानावर झुकायची, रंजक पेटायची, आणि त्या भोकातून ज्वाळा आत जाऊन मुख्य बार उडायचा. हिंदुस्थानी बंदुकीची खूण अशी की ही चिमटी दस्त्याच्या आतून, वरच्या खाचेतून बाहेर येते आणि चाप ओढल्यावर पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेनं झुकते. जुन्या युरोपी तोड्याच्या बंदुकीत ती बहुधा उलटी, नेम धरणाऱ्याच्या दिशेनं, मागे यायची. यंत्र सगळं दस्त्याच्या पोटात असतं. बाजूला लोखंडाच्या लांब पट्ट्या, सरळ बारीक दस्ता, आणि नळी दस्त्याला जखडायला तार, चामड्याची वादी किंवा पितळी कडी. कानाशेजारी कधी भोक साफ करायची सुई साखळीला लटकलेली असते. ही सुई शिल्लक असेल तर ती बंदूक फारशी छेडली गेलेली नाही असं समजायला हरकत नाही.

शिवकालीन ठरण्याची शक्यता असलीच तर फक्त या घराण्याला आहे. पण इथेच मोठी अडचण येते. ही घडण जवळजवळ अडीचशे वर्षं फारशी बदलली नाही. सतराव्या शतकातली तोड्याची बंदूक आणि एकोणिसाव्या शतकात एखाद्या गावच्या लोहारानं बनवलेली तोड्याची बंदूक शेजारी ठेवल्या तर केवळ आकारावरून शतक सांगणं जाणकारालाही कठीण जातं. नळी बघावी लागते. चांगल्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या असत. गंज न खरवडता हलक्या हातानं तेल लावलं तर काही नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. ती वरून कोरलेली नसून धातूतच असते. बुडाशी नळी अष्टकोनी आहे का, तोंडाला कमळ किंवा वाघाचं तोंड आहे का, माशी कुठे बसवली आहे, दस्त्याचं लाकूड कोणतं आहे, हे सगळं नोंदवायचं. त्यावरून प्रांत कळतो, कारागिरीचा दर्जा कळतो. साल क्वचितच कळतं.

अरबांच्या बंदुकाही तोड्याच्याच, पण त्यांचं रूप निराळं. दस्ता फार बारीक, टोकाला जरा फुगलेला, आणि नळीवर पितळेच्या किंवा चांदीच्या पट्ट्यांची ओळच्या ओळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दख्खनच्या जवळजवळ प्रत्येक सरदाराकडे अरबांची शिबंदी होती. किल्ल्यावर आणि गढीवर नेमायला त्यांच्याइतकी चिवट माणसं नाहीत असा त्यांचा लौकिक होता. अशी पट्ट्यापट्ट्यांची बंदूक नगर-बीडच्या बाजूला निघाली तर ती ‘राजस्थानातून आलेली शोभेची वस्तू’ म्हणून बाजूला सारू नये. तिचा इथे असण्याचा हक्क जुना आहे.

दुसरं घराणं चकमकीचं. इथे आग बंदुकीतच तयार होते. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आपटते, पट्टी पुढे ढकलली जाते, कान उघडा पडतो आणि ठिणग्या रंजकीत पडतात. धुमसता तोडा बाळगायची गरज राहत नाही. रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या पायदळाला हे सोयीचं होतं, कारण शेजाऱ्याच्या तोड्यानं आपली दारूची थैली पेटायची भीती नाही. महादजी शिंद्यांनी दि बॉईन या युरोपी अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती फौज उभी केली तेव्हा त्यांना असल्या बंदुका हजारोंनी हव्या होत्या, आणि त्या कंपनीकडून विकत घेत राहणं म्हणजे आपला गळा शत्रूच्या हातात देणं होतं. म्हणून आग्र्याला कारखाना निघाला. तो चालवणारा सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस पूर्वी गोहदच्या राण्याकडे नोकरीला होता. त्यानं तोफा ओतल्या आणि युरोपी नमुन्याच्या बंदुका बनवल्या. एक बंदूक सुमारे दहा रुपयांना पडत असे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, अशी त्या काळच्या युरोपीयांचीच साक्ष आहे.

मला हा आग्र्याचा कारखाना नगरच्या मराठी वाचकाला आवर्जून सांगावासा वाटतो. आपल्याकडे मराठ्यांच्या पराभवाचं कारण म्हणून ‘जुनाट हत्यारं’ हा शब्द सहज वापरला जातो. असईला वेलस्लीनं ज्या तोफांची आणि पायदळाची धास्ती घेतली ती जुनाट नव्हती. कारणं दुसरीकडे होती. युरोपी अधिकारी ऐन वेळी सोडून गेले, दरबारात फूट होती, होळकर बाजूला राहिले. बंदूक कमी पडली नव्हती. शिंद्यांच्या पलटणीची एखादी बंदूक एखाद्या घरात खात्रीनं ओळखता आली तर तो याचा हातात धरता येण्यासारखा पुरावा ठरेल. पण ओळखायची कशी? विलायती नमुन्यावर बनवलेली, तरी विलायती सरकारी छाप नसलेली. आतल्या स्क्रूंचे आटे हातानं पाडलेले, एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात न बसणारा. कुलपाच्या पाटीवर एक तर काहीच नाही किंवा फारसी-देवनागरी अंक. या खुणा एकेकट्या काहीच सिद्ध करत नाहीत, पण सगळ्या एका बंदुकीवर जमल्या तर जाणकाराला दाखवायला कारण पुरेसं आहे.

तिसरं घराणं कंपनीचं, आणि ते वाचायला सगळ्यात सोपं, कारण कंपनीला प्रत्येक वस्तूवर शिक्का मारायची सवय होती. तिच्या बंदुकीच्या नळीची लांबी ३९ इंच, तोंडाचा व्यास पाऊण इंच. हा नमुना मुळात हिंदुस्थानसाठी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मागणीवरून ठरला. नेपोलियनशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा त्यांनी कंपनीच्या तयार बंदुका उचलल्या आणि पुढे तोच नमुना आपल्या सैन्याला लावला. वॉटर्लूवर इंग्रज पायदळ ज्या बंदुकीनं लढलं तिला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात ते याच कारणानं. आपल्याकडच्या लढायांसाठी बनलेलं हत्यार युरोपच्या लढाईत गेलं, हा प्रवास उलट्या दिशेचा आहे आणि म्हणून लक्षात ठेवण्यासारखा.

कंपनीच्या बंदुकीचं वय सांगणारी खूण कुलपाच्या पाटीवर असते. १८०८ पूर्वीच्या पाटीवर हृदयाच्या आकाराची चौकट असते, तिचे चार भाग पाडून त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं. कंपनी आपल्या मालाच्या गाठोड्यांवर हेच चिन्ह मारायची, आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या तांब्याच्या पैशांवरही ते आहे, त्यामुळे नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येईल. १८०८ नंतर त्याच्या जागी पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह आला. नगरच्या वेढ्याला आलेल्या शिपायांच्या बंदुकांवर हृदय असणार, सिंह असणार नाही. पाटीवर सिंह असेल तर ती बंदूक १८०३ साली नगरला आलेली नव्हती. ती १८०८ ची किंवा नंतरची. एका चिन्हावर एवढं अवलंबून असतं.

नळीवरच्या छापांनाही असंच महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये नवी नळी जास्त दारू भरून उडवून पाहिल्याशिवाय विकता येत नसे. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या मंडळाचा छाप मुकुटाखाली जीपी आणि व्ही असा होता. बर्मिंगहॅमचं परीक्षाघर १८१३ मध्ये कायद्यानं स्थापन झालं. त्याचा छाप म्हणजे मुकुट आणि एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड. बेल्जियममधल्या लिएजच्या नळीवर लंबगोलात ईएलजी ही तीन अक्षरं असतात, आणि १८९३ पासून त्यावर मुकुट चढला. म्हणजे बिनमुकुटाचा ईएलजी दिसला तर नळी १८९३ पूर्वीची. हे छाप नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला, किंवा कधी खालच्या बाजूला, दस्त्याच्या आत झाकलेल्या भागावर असतात. बंदूक भिंतीवर टांगलेली असताना ते सहसा दिसत नाहीत.

१८३० नंतर सगळंच बदललं. आघात झाला की फुटणारा मसाला भरलेली तांब्याची छोटी टोपी आली, आणि गारगोटी, रंजक, कान या सगळ्याची गरज संपली. सरकारांकडे मात्र चकमकीच्या बंदुकांचे ढीग पडून होते. त्यामुळे जुन्या बंदुका टोपीच्या करण्याचं काम सुरू झालं. कान काढून टाकला, भोकाच्या जागी टोपी बसवायची बोंडी बसवली, गारगोटी धरणारा घोडा जाऊन पोकळ नाकाचा घोडा आला. अशी रूपांतरित बंदूक ओळखायची तर कुलपाच्या पाटीवर बोट फिरवावं. पूर्वीची पोलादी पट्टी आणि तिची कमान जिथे बसवलेली होती ती भोकं बुजवलेली सापडतात. त्या भोकांचा अर्थ असा की या बंदुकीनं दोन आयुष्यं जगली, एक चकमकीचं आणि दुसरं टोपीचं. गावच्या बंदुकांमध्ये तर तीन-चार आयुष्यंही असतात. नळी विलायती, कुलूप दुसऱ्याच बंदुकीचं, दस्ता गावच्या सुतारानं बाभळीचा बसवलेला, आणि घोडा लोहारानं घडवलेला. संग्राहकांच्या बाजारात असल्या बंदुकीला किंमत कमी. माझ्या लेखी ती जास्त बोलकी आहे, कारण ती शेवटपर्यंत वापरात होती.

मग १८५७ आलं. एन्फिल्ड बंदूक आणि तिची काडतुसं आपण शाळेत शिकतो. ती बंदूक १८५३ च्या नमुन्याची, तीन पट्ट्यांनी नळी बांधलेली, नळीच्या आत तीन पेच पाडलेली. पेचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना बंदुका दिल्या त्या बाहेरून हुबेहूब एन्फिल्डसारख्या, पण आतली नळी गुळगुळीत. पेच घासून काढलेले आणि मागची माशी साधी, अंतर न दाखवणारी. शिपायाच्या हातात बंदूक द्यायची, पण तिचा नेम लांब जाऊ द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार. घरातल्या एन्फिल्डच्या नळीत टॉर्च मारून पाहा. आत वळणदार चिरा दिसल्या नाहीत आणि नळी रुंद असली तर तुमच्या हातात १८५७ नंतरचा अविश्वास आहे, धातूत ओतलेला. पुढेही धोरण तेच राहिलं. गोऱ्या पलटणीला नवं हत्यार मिळालं की तिचं जुनं देशी पलटणीला.

नगर जिल्ह्याला बंडाची झळ लागली ती भिल्लांच्या उठावातून. भागोजी नाईक पूर्वी नगरच्या पोलीस दलात होता. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्या टोळीशी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. नांदूर शिंगोटे आज नाशिक जिल्ह्यात आहे, तेव्हा तो भाग नगरखाली मोडत होता. दोन वर्षं भागोजी सह्याद्रीच्या घाटांत आणि गोदावरीच्या खोऱ्यात फिरत राहिला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरला फ्रँक सूटरनं त्याला गाठलं, तिथे तो लढता लढता पडला. बंडानंतर देशभर हत्यारं काढून घेण्याचा सपाटा लागला आणि १८७८ च्या कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरला. त्यामुळे आज घरात असलेल्या बंदुकीबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: १८७८ नंतर ही इथे राहिली कशी? पाटीलकीमुळे, इनामदारीमुळे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, की भिंतीत गाडून? याचं उत्तर नळीवर नसतं. ते घरातल्या दप्तरात, जुन्या परवान्याच्या पिवळ्या पुस्तिकेत, वाटणीपत्रातल्या एखाद्या ओळीत, किंवा आजीच्या आठवणीत असतं. बंदूक आणि कागद वेगळे झाले की दोघंही मुके होतात.

कोरलेल्या अक्षरांवर आंधळा विश्वासही ठेवू नये. बिकानेरच्या जुनागडच्या शस्त्रागारातल्या कितीतरी हत्यारांवर टिंबटिंबांनी देवनागरी अक्षरं ठोकलेली आहेत. त्यांत अदोनीचं नाव आणि संवत येतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस महाराजा अनूपसिंह मोगलांच्या बाजूनं दख्खनमध्ये लढत होता, तेव्हा अदोनीच्या किल्ल्यातून ही हत्यारं लुटीत मिळाली. संवत लुटीचं आहे, घडणीचं नाही. हत्यार त्याहून जुनं, दख्खनी सुलतानांच्या वेळचं असू शकतं. उलट्या बाजूची फसवणूकही चालते. सरहद्दीवरच्या दर्रा आदमखेल या गावच्या बाजारात गेल्या शतकात इंग्रजी बंदुकांच्या नकला भरपूर झाल्या. त्यांवर ‘टॉवर’ आणि ‘एन्फिल्ड’ अशी नावं कोरलेली असतात. कोरणाऱ्याला रोमन लिपी येत नसल्यामुळे त्यात एन उलटा पडतो, कधी एस आरशात पाहिल्यासारखा येतो. तसं दिसलं की सालाचा विचार सोडून द्यावा.

आता आपल्याकडच्या एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढतात. बंदूक घासतात, कधी विटकरीच्या पुडीनं, कधी चिंचेनं आणि राखेनं, हल्ली सरळ पॉलिश पेपरानं. ती लखलखीत करून हळदीकुंकू वाहतात. पूजेत मला खोट काढायची नाही. ज्या घरांनी शंभर वर्षं न चुकता ही पूजा केली त्यांनीच ही बंदूक भंगारवाल्यापासून वाचवली. पण कंपनीचं हृदय, बर्मिंगहॅमचा मुकुट, एखाद्या सिलेखान्याचा ठोकलेला अंक हे सगळं केसाएवढ्या खोलीचं असतं. दर दसऱ्याला ते थोडं थोडं नाहीसं होतं. म्हणून एवढंच करावं: कोरड्या फडक्यानं पुसून हलकं तेल, आणि दस्त्याला वाळवीपासून सांभाळणं. कुंकू दस्त्याला लावा, नळीच्या बुडाला नको.

त्याआधी मात्र बंदूक भरलेली नाही ना, हे पाहायला हवं. हे मी कळकळीनं सांगतो आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तशीच ठेवून ती माळ्यावर टाकलेली असू शकते आणि काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडेही न ठेवता पातळ लाकडी काठी हळूच आत सोडावी, ती किती आत जाते यावर खूण करावी आणि मग तीच लांबी नळीवर बाहेरून धरून पाहावी. काठी बुडाशी असलेल्या भोकाच्या आधीच अडली तर आत काहीतरी आहे. तिथे थांबावं आणि पोलीस ठाण्याला कळवावं. खणून, ठोकून काढायला जाऊ नये.

पोलिसांचं नाव काढलं की घरात घाबरगुंडी उडते आणि रात्रीत बंदूक विहिरीत जाते. त्याची गरज नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, मात्र ते दुरुस्त करूनही गोळी झाडण्याजोगं नसलं पाहिजे. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. घोडा नाही, चाप तुटला आहे, एवढ्यानं भागत नाही. त्यामुळे निर्णय आपण घ्यायचा नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी कळवून घ्यायचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या संग्राहकाला विकण्याचा प्रश्नच येत नाही. आणि कागद होईपर्यंत एक काम कुणालाही करता येतं. संपूर्ण बंदुकीचा, कुलपाचा, नळीच्या बुडाचा, प्रत्येक छापाचा फोटो काढून ठेवावा, सोबत मोजपट्टी ठेवून. नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथल्या शस्त्रांच्या दालनात जाऊन आपली बंदूक कुणाच्या जवळची आहे ते डोळ्यांनी ताडून पाहावं.

हे काम गावानं मिळून केलं तर? राळेगणसिद्धीसारख्या गावात हा विचार मला सहज सुचतो. यादवबाबांच्या देवळाचं लाकूड दारूच्या भट्ट्यांत जळालं, असं त्या गावाबद्दल सांगतात. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णांनी पहिल्यांदा तेच देऊळ उभं केलं, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून. पाण्याचा हिशेब त्यानंतर आला. ज्या तालुक्यात पावसाचा थेंब मोजायची सवय लागू शकते, तिथे घराघरातल्या जुन्या वस्तूंची एक वही तयार होणं अशक्य नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटात एक वही, प्रत्येक वस्तूला एक पान, पानावर फोटो, मापं, छाप आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत जशीच्या तशी. बंदुकीच्या पानावर कुणी ‘शिवकालीन’ असं लिहिलं तरी चालेल, कुणी सांगितलं तेवढं मात्र शेजारी लिहावं.

लिहून ठेवल्यानं काय होतं, याची साक्ष नगरमध्येच ओतलेल्या एका हत्याराकडे आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ नगरची आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, इथे मुहम्मद रूमी या तुर्की ओतकारानं ती घडवली. लांबी साडेचौदा फुटांच्या आसपास, तोंडाचा व्यास दोन फुटांहून जास्त, वजन सुमारे ५५ टन. तिचं कूळ आपल्याला दंतकथेतून माहीत झालेलं नाही, ते तोफेच्या अंगावरच लिहिलेलं आहे: निजामशहाचं नाव आणि हिजरी ९५६, ओतणाऱ्याचं नाव, आणि तिसरा, खूप नंतरचा लेख औरंगजेबाचा, विजापूर घेतल्यावरचा. तो तिसरा लेख एकटाच उरला असता तर आज आपण तिला मोगली तोफ म्हणत असतो. मधल्या काळात ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं ती तिथून विजापूरला नेली.

इंग्रजी अमलात ही तोफ इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून पाठवायचा विचार झाला होता. रस्ते इतके वाईट होते की तिला बंदरापर्यंत नेणं जमेना, म्हणून ती राहिली. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरचा हुकूम आला की विजापुरातलं निरुपयोगी सरकारी सामान विकून टाकावं. मामलेदारानं त्या सामानात तोफही लिलावाला काढली. सगळ्यात वरची बोली १५० रुपयांची आली. मामलेदाराला ती किंमत फार कमी वाटली, आणि लोक या तोफेला मानतात हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं तसं वर लिहून कळवलं, आणि विक्री रद्द झाली.